जिम स्टाइन्स गेला तेव्हा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



मागच्या काही भागांत आपण गटाचं दप्तर, कर्जाची परतफेड असल्या रोजच्या विषयांवर बोललो. आज जरा लांबच्या गावाला जाऊ. आपल्या श्रोत्यांपैकी काही जणींनी विचारलेला एक प्रश्न बरेच दिवस आमच्याकडे पडून आहे. त्यांचं म्हणणं असं, की एखादा नट गेला, एखादा खेळाडू गेला की टीव्हीवर माणसं ढसाढसा रडताना दाखवतात. ना नातं ना गोतं. मग ते रडणं खरं असतं की नुसता देखावा?

देखाव्याचं रडणं असतंच, ते आपण लग्नातही पाहतो आणि मयतीतही. पण खरं रडणंही असतं, आणि ते कशातून येतं हे समजून घ्यायला आम्ही ऑस्ट्रेलियातली एक गोष्ट निवडली आहे. मेलबर्न शहरातला जिम स्टाइन्स नावाचा खेळाडू २० मार्च २०१२ रोजी गेला. वय अवघं पंचेचाळीस. तिकडे लहानथोर सगळे त्याला जिमच म्हणत, म्हणून आम्हीही तसंच म्हणतो. आपण कुणी त्याचं नाव ऐकलेलं नाही. पण तो गेला तेव्हा ज्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांतल्या बहुतेकांशी तो आयुष्यात कधी बोललासुद्धा नव्हता. मग त्यांचं गेलं काय?

मेलबर्न हे नाव मात्र आपल्या घरात अनोळखी नाही. आपली मुलं आणि मालक क्रिकेट बघतात, त्यात ते मोठं मैदान दिसतं. विराट कोहलीनं ऑक्टोबर २०२२ मध्ये पाकिस्तानविरुद्धचा सामना ज्या मैदानावर जिंकून दिला, तेच ते. दिवाळीच्या आदल्या दिवशीचा सामना होता, बऱ्याच जणींना फराळ करता करता पाहिल्याचं आठवत असेल. त्या दिवशी तिथे नव्वद हजारांवर माणसं होती. पण त्या शहराच्या लोकांना विचाराल, तर मैदानाचं खरं दैवत क्रिकेट नाही. हिवाळ्यात तिथे त्यांचा स्वतःचा एक खेळ चालतो, त्याला ते नुसतं फुटबॉल किंवा लाडानं 'फूटी' म्हणतात.

हा आपल्या शाळेतला गोल चेंडूचा फुटबॉल नाही. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. मैदानही अंड्यासारखं लांबट. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण पळता पळता दर पंधरा मीटरला तो जमिनीवर आपटावा लागतो. दुसऱ्याला द्यायचा तर लाथेनं किंवा मुठीनं मारायचा, फेकायचा नाही. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथेनं चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. हवेत उंच उडी मारून चेंडू झेलायचा, त्यात मजा. या खेळाचे नियम मेलबर्नमध्येच १८५९ साली लिहिले गेले, आणि ते लिहिणाऱ्या मंडळींचा क्लब म्हणजे मेलबर्न फुटबॉल क्लब. जगातल्या जुन्यांतला जुना. त्याचे रंग लाल आणि गडद निळा.

आता मुख्य गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय पुढचं रडणं कळणार नाही. आपल्याकडच्या आयपीएलच्या संघांना मालक असतो. एखादी कंपनी, एखादा उद्योगपती, एखादा नट. संघ त्याचा, पैसा त्याचा, आपण फक्त टाळ्या वाजवायच्या. मेलबर्न क्लबला असा मालक नाही. तो सभासदांचा आहे. माणसं दरवर्षी वर्गणी भरतात, सभासदत्वाचं कार्ड घेतात, आणि कारभार पाहणारं मंडळ निवडायला त्यांना मत असतं. कित्येक घरांत मूल जन्मलं की जन्मदाखल्याच्या मागोमाग क्लबचं सभासदत्व. आजोबा ज्या क्लबचे, तिथेच बाप, तिथेच नात. क्लब बदलणं म्हणजे आडनाव बदलण्यासारखं. (तसं आपण बायका आडनाव बदलतो म्हणा, पण त्यांना क्लब बदललेला चालत नाही.)

आणि यात बायका मागे नाहीत बरं का. या खेळाला अगदी सुरुवातीपासून, म्हणजे दीडशे वर्षांपासून, बायका मोठ्या संख्येनं येत आल्या आहेत. प्रत्येक क्लबचं एक समर्थकांचं पथक असतं. ते दर सामन्यासाठी घोटीव कागदाचा, म्हणजे आपण शाळेच्या स्नेहसंमेलनात पताकांना वापरतो तसल्या क्रेप कागदाचा, भला मोठा फलक तयार करतं. दोन मजली घराएवढा. कागदाच्या पट्ट्या, चिकटपट्टी, कापलेली अक्षरं. आठवड्यातली एक संध्याकाळ त्यात जाते, फुकट. त्या पथकात आज्या असतात, आया असतात, शाळकरी मुली असतात. सामन्याच्या दिवशी तो फलक दोन काठ्यांवर उभा करतात आणि खेळाडू मैदानात येताना त्यातूनच धावत जातात. दहा सेकंदांत चिंध्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा नवा. रांगोळी काढणाऱ्या बाईला यातलं सुख सांगायला नको.

तर अशा घरात जिम आला, आणि तोही परका. तो आयर्लंड देशातल्या डब्लिन शहरातला. तिथे वेगळाच फुटबॉल खेळतात, गोल चेंडूनं. १९८४ साली मेलबर्न क्लबला वाटलं, आयर्लंडची उंच, चपळ मुलं आणून त्यांना आपला खेळ शिकवून पाहावा. जिम तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याच वर्षी त्यानं डब्लिनकडून तिकडची मुलांची मोठी स्पर्धा जिंकली होती. तो आला. इथला चेंडू लांबट. तो चेंडू जमिनीवर आपटला की कुठे उसळेल याचा नेम नसतो. पोर घर सोडून अर्ध्या जगापलीकडे आलं आणि चेंडू उसळवण्यापासून शिकू लागलं.

तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, एक प्रकार घडला. मेलबर्न क्लबनं १९६४ नंतर एकदाही अजिंक्यपद मिळवलं नव्हतं, शेवटच्या फेऱ्यांपर्यंतसुद्धा तो पोचत नव्हता. त्या वर्षी पोचला. उपांत्य सामना हॉथॉर्न या क्लबाशी. शेवटची काही सेकंदं उरलेली आणि मेलबर्न चार गुणांनी पुढे. हॉथॉर्नच्या गॅरी बकनाराला लाथ मारायची संधी मिळाली, पण तो खांबांपासून फार लांब होता, तिथून चेंडू पोचणं अवघड. इतक्यात भोंगा वाजला. वेळ संपली, फक्त ती एक लाथ बाकी. आणि जिम, एका मोकळ्या विरोधकाकडे धावण्याच्या नादात, बकनाराच्या समोरून आडवा पळत गेला. नियमानं ते चालत नाही. पंचांनी दंड म्हणून बकनाराला पंधरा मीटर पुढे आणलं. त्यानं लाथ मारली, सहा गुण झाले, मेलबर्न दोन गुणांनी हरला. तेवीस वर्षांची वाट पाहणाऱ्या लोकांच्या तोंडचा घास गेला. प्रशिक्षक मैदानातच जिमवर ओरडले, ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं.

एकवीस वर्षांचा परदेशी मुलगा, आणि अख्खं शहर त्याच्या चुकीबद्दल बोलतंय. दुसरा कुणी असता तर विमान पकडून घरी गेला असता आणि परत आला नसता. जिम पुढच्या मोसमात पुन्हा खेळला. १९८७ पासून १९९८ पर्यंत तो एकही सामना चुकला नाही. सलग २४४ सामने. दुखापत झाली तरी मैदानात. तो हयात असेपर्यंत हा विक्रम कुणाला मोडता आला नाही. १९९१ साली त्याला ब्राउनलो पदक मिळालं, म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्या खेळाडूंमध्ये सर्वांत चांगल्या आणि सचोटीच्या खेळाडूला पंचांच्या मतांवर मिळणारा मान. जुनी मंडळी सांगतात त्याप्रमाणे लोक त्याला ज्या चुकीसाठी ओळखत, त्याच चुकीमुळे पुढे तो त्यांचा लाडका झाला. आम्हाला हे पटतं. कधीच न चुकलेल्या माणसाचं आपल्याला कौतुक वाटतं, पण तो आपला वाटतोच असं नाही. चुकून, शरमेनं मान खाली घालून, पुन्हा सोमवारी कामाला आलेला माणूस आपला वाटतो.

खेळत असतानाच, १९९४ मध्ये, त्यानं पॉल करी या मित्राबरोबर 'रीच' नावाची संस्था काढली. शाळकरी आणि किशोरवयीन मुलांना एकत्र बसवायचं, मनातलं बोलू द्यायचं, एकमेकांचं ऐकायला शिकवायचं. आपल्याकडे किशोरी मुलींचे मेळावे होतात त्याच्या जवळ जाणारं काम. या कामामुळे फूटीशी काही संबंध नसलेल्या घरांतही त्याचं नाव गेलं.

आता पैशाचा भाग. गटातल्या बायकांनी तो कान देऊन ऐकावा.

सभासदांच्या क्लबाचा तोटाही सभासदांचाच असतो. मेलबर्न क्लब जुना, पण पैशानं दुबळा. १९९६ मध्ये तर पाळी अशी आली होती की तो हॉथॉर्नमध्ये विलीन करायचा घाट घातला गेला. त्याच हॉथॉर्नमध्ये! दोन्ही क्लबांच्या सभासदांचं मतदान झालं. मेलबर्नच्या बाजूनं होकार आला, हॉथॉर्नच्या सभासदांनी मात्र नकार दिला म्हणून ते बारगळलं. म्हणजे हा क्लब दुसऱ्यांच्या नकारामुळे वाचला. ज्यांचं घर एकदा लिलावाच्या दारातून परत आलंय, त्यांना कळेल की त्यानंतर त्या घरात माणूस कसा राहतो. दर वर्षी ताळेबंद आला की पोटात गोळा.

२००८ मध्ये पुन्हा तेच. क्लबवर सुमारे ५० लाख डॉलरचं कर्ज होतं, आपल्या तेव्हाच्या हिशेबानं वीस कोटी रुपयांच्या आसपास. संघ हरत होता. क्लब टिकेल का अशी उघड चर्चा होती. अशा वेळी जिमनं अध्यक्षपद घेतलं. खेळणं सोडून त्याला दहा वर्षं झाली होती. नावलौकिक होता, संस्था चालत होती, घरी पत्नी आणि दोन लहान मुलं. बुडत्या पतपेढीचं अध्यक्षपद कुणी आपण होऊन मागतं का? त्यानं घेतलं.

त्यानं पहिली गोष्ट केली ती म्हणजे कर्जाचा आकडा लपवला नाही. मोहिमेचं नावच 'डेट डिमॉलिशन', म्हणजे कर्ज पाडून टाकायची मोहीम. ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्री जेवणाचा कार्यक्रम ठेवला आणि त्या एका रात्रीत दहा लाख डॉलरहून जास्त रकमेची वचनं जमली. पैसेवाल्या सभासदांचा त्यात मोठा हात होता, ते झाकायचं कारण नाही. पण साध्या सभासदांनाही त्यानं सोडलं नाही. वर्गणी भरा, नसेल भरली तर आता भरा, शेजाऱ्याला सभासद करा, जमेल ते द्या. दोन वर्षांत, ऑगस्ट २०१० मध्ये, ते सगळं कर्ज फिटल्याचं क्लबनं जाहीर केलं.

आपल्या गटात कुणा एकीचं कर्ज थकलं की तिच्या दारात जायची पाळी येते, तेव्हा किती जड जातं हे आपण जाणतो. इथे हजारो माणसांच्या दारात जायचं होतं. आणि लोकांनी दिलं, त्याचं एक कारण मागणारा कोण होता हे. २४४ सामने न चुकलेला माणूस सांगतोय, की चुकवू नका.

या मधल्या काळातच ते दुखणं आलं. त्याच्या पाठीला एक गाठ लागली. तपासलं तर मेलानोमा. हा त्वचेचा कर्करोग, त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा. तोवर तो शरीरात पसरला होता. जुलै २००९ मध्ये त्यानं पत्रकारांसमोर येऊन हे स्वतः सांगितलं आणि उपचारांसाठी काही काळ कामातून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं. ऑस्ट्रेलियात या रोगाचं प्रमाण जगातल्या सर्वांत जास्त देशांमध्ये गणलं जातं. गोऱ्या कातडीची माणसं आणि रणरणतं ऊन, असं ते गणित आहे. म्हणून तिथे १९८१ पासून लहान मुलांनाही अंगभर सदरा, डोक्याला टोपी आणि उघड्या अंगाला मलम लावायची शिकवण देतात. आपली सावळी कातडी या बाबतीत आपल्याला पुष्कळ वाचवते. मात्र आपल्या लोकांत हा रोग झालाच तर बरेचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली दिसतो. अनवाणी शेतात जाणाऱ्या बाईच्या पायावर नवा काळा डाग आला, तो वाढत असेल, आकार बदलत असेल, चिघळत असेल, तर काटा मोडला असेल म्हणून महिनोन्महिने हळद भरत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

तर जिम. पुढची पावणेतीन वर्षं लोकांनी त्याचं आजारपण जवळून पाहिलं. रोग मेंदूत गेला. पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या. डोक्यावर टाके, टोपी घातलेला, बारीक झालेला जिम सामन्याला यायचा. कर्ज फिटलं ते याच काळात. आपल्याकडे कर्करोगाचं नाव घरातसुद्धा हळू आवाजात घेतात. पाहुण्यांना 'पोटाचं आहे', 'अंगात रक्त नाही' असं सांगतात. त्यानं रोगाचं नाव घेतलं, टीव्हीवर घेतलं. आम्हाला त्याच्या खेळापेक्षाही हे मोठं वाटतं. त्याच्यासारख्याच आजारानं घरात पडलेल्या किती माणसांना त्यामुळे आपलं दुखणं बोलता आलं असेल, ते मोजता येणार नाही.

१ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यानं अध्यक्षपद सोडलं. सात आठवड्यांनी तो घरीच गेला, आपल्या माणसांत.

इथे आम्ही क्षणभर थांबतो, कारण आमच्या कामात हे फार वेळा पाहिलंय. गटाच्या अध्यक्षबाई एकाएकी जातात. दप्तर त्यांच्या कपाटात, बँकेचं पासबुक त्यांच्या पिशवीत, कुणाला किती दिलं ते त्यांच्या डोक्यात. सुतकात विचारायचं कसं? मग दोन महिने बैठक नाही, तीन महिने नाही. गट मोडतो तो भांडणानं कमी आणि असा जास्त. जिमनं जिवंतपणी किल्ल्या दिल्या. त्याच्या जाण्याचं दुःख झालं, पण सोमवारी क्लबचं कुलूप कुणी उघडायचं हा प्रश्न पडला नाही.

तो गेल्याची बातमी आली त्या दिवसापासून लोक मैदानापाशी आणि क्लबपाशी येऊ लागले. फुलं ठेवत. त्यांच्या खेळात गळ्यात लोकरीचा मफलर घालायची पद्धत आहे, क्लबच्या रंगाचा, पुष्कळदा आजीनं विणलेला. ते लाल-निळे मफलर फुलांशेजारी ठेवले गेले. मुलांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या. राज्य सरकारनं कुटुंबाला शासकीय इतमामात अंत्यविधी देऊ केला. २७ मार्चला, मंगळवारी, शहराच्या ऐन मध्यावर असलेल्या सेंट पॉल्स चर्चमध्ये प्रार्थना झाली. आत मावतील तेवढी माणसं आत. बाकीची समोरच्या फेडरेशन स्क्वेअर नावाच्या मोकळ्या चौकात उभी, तिथे मोठ्या पडद्यावर आतलं दिसत होतं. कामाचा दिवस असून हजारो लोक आले. अंगात क्लबचे सदरे, आणि त्यांत दुसऱ्या क्लबांचे सदरेही. शनिवारी एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं त्या मंगळवारी शेजारी शेजारी उभी होती.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. हे रडणं खरं का?

आमचं उत्तर असं. चौकात उभ्या असलेल्या माणसाला विचारलं असतं तर त्यानं जिमबद्दल थोडं सांगितलं असतं आणि स्वतःबद्दल जास्त. एकोणीसशे सत्त्याऐंशीचा सामना मी बाबांबरोबर पाहिला, आता बाबा नाहीत. जिमला पदक मिळालं त्या वर्षी माझं लग्न झालं. कर्ज फेडायला मी दिलेली रक्कम छोटी होती, पण दिली होती. माझा भाऊ याच रोगानं गेला. अशी माणसं पंचवीस वर्षं दर शनिवारी एकाच माणसाकडे बघत होती, आणि त्या पंचवीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्या घरात बारशी झाली, मयती झाल्या, नोकऱ्या गेल्या. एवढ्या सगळ्याला जिम हजर होता, त्याला माहीत नसताना. गावच्या शाळेतले जुने गुरुजी गेल्यावर आपल्याला जे होतं त्याच्या जवळचं हे आहे. गुरुजींशी आपलं गेल्या वीस वर्षांत बोलणं झालेलं नसतं. तरी ते गेले की आपलं बालपण पाहिलेला एक माणूस कमी होतो.

शिवाय हे लोक नुसते प्रेक्षक नव्हते. वर्गणी भरणारे, मत देणारे, कर्ज फेडणारे होते. त्यांच्या सामाईक घराचा कर्ता गेला होता. मालकाच्या संघावर प्रेम करणाऱ्याचं दुःखही खोटं नसतं, पण जिथे आपला घाम आणि पैसा लागलेला असतो तिथे दुःखाला वजन वेगळं येतं.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवायला हवी. चौकातलं दुःख आणि घरातलं दुःख एक नाही. चौकातली माणसं संध्याकाळी आपापल्या घरी गेली, त्यांनी जेवणं केली. जिमची पत्नी, शाळकरी मुलगी आणि त्याहून लहान मुलगा त्याच्याशिवायच्या घरात परतले. हजारो लोक आपल्या माणसासाठी रडले याचा आधार वाटत असेल, आणि कधी त्याचा शीणही होत असेल, कारण सगळ्या जगासमोर आपल्याला रडताना कोण बघू देईल? आपल्याकडे तेराव्यापर्यंत ओटीवर पाय ठेवायला जागा नसते आणि चौदाव्या दिवसापासून बाई एकटी. खरी सोबत तेव्हा लागते. मोठ्या माणसाच्या घरीही चौदावा दिवस येतोच.

पुढचं थोडक्यात सांगतो. अंत्यविधीनंतरच्या शनिवारी, ३१ मार्चला, त्याच मोठ्या मैदानावर मोसमातला मेलबर्नचा पहिला सामना होता. सामन्याआधी जिमला श्रद्धांजली वाहिली गेली. सिनेमात असतं तर त्या दिवशी संघ जिंकला असता. मेलबर्न हरला, आणि चांगलाच हरला. त्या अख्ख्या वर्षात त्यांनी फक्त चार सामने जिंकले. पुढची काही वर्षंही वाईटच गेली. लोक चिडले, कंटाळले, पण वर्गण्या भरत राहिले. फलक करणाऱ्या बायका दर आठवड्याला कागद चिकटवत राहिल्या.

'रीच'चं मुलांचं काम चालू राहिलं. मैदानाबाहेर जिमचा पुतळा उभा राहिला. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला दर वर्षी जो मान मिळतो, त्याला त्याचं नाव दिलं. क्लबनं २०१७ मध्ये सुरू झालेल्या बायकांच्या स्पर्धेत पहिल्या वर्षापासून संघ उतरवला, आणि २०२२ मध्ये त्या मुलींनी अजिंक्यपद जिंकलं.

त्याच्या आदल्या वर्षी, २५ सप्टेंबर २०२१ ला, पुरुषांच्या संघानं १९६४ नंतर पहिल्यांदा अजिंक्यपद मिळवलं. सत्तावन्न वर्षांनी. आणि नशीब असं, की कोविडच्या टाळेबंदीमुळे अंतिम सामना मेलबर्नमध्ये होऊच शकला नाही. तो हजारो किलोमीटर लांब पर्थ शहरात झाला. ज्या सभासदांनी आयुष्यभर वाट पाहिली, त्यांना आवश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडायची परवानगी नव्हती. त्यांनी तो आपापल्या घरात, टीव्हीसमोर, कपाटातले जुने मफलर गळ्यात घालून पाहिला.

मेलबर्नच्या यारा नदीकाठी पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी एक पूल आहे. २०१४ मध्ये सुरू झाला. त्याला जिम स्टाइन्सचं नाव आहे. रोज सकाळी त्यावरून लोक कामाला जातात.